जिग, रील आणि जानेवारीची झिंग

बॅगपाइप म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं, खरं सांगा? चौकड्यांचा किल्ट घातलेला दाढीवाला बाप्या, मागे धुकं, एखादा पडका किल्ला आणि एअरपोर्टवरचा शॉर्टब्रेडचा डबा. आपल्याकडे फार तर २९ जानेवारीचं बीटिंग रिट्रीट आणि टीव्हीवर शिस्तीत वळणारे लष्कराचे पाइप बँड. कंपनीने दीड वर्षासाठी ग्लासगोला धाडलं, तेव्हा ग्रुपवरच्या मंडळींनी फेअरवेल म्हणून मला याच टाइपचे सतरा व्हिडिओ पाठवले होते.

आता हे चित्र जरा बाजूला ठेवा आणि दुसरं बघा. जानेवारीतला शुक्रवार. दुपारी साडेचारलाच काळोख, तिरका पाऊस, छत्री उघडण्यात काही अर्थ नाही. आणि अशा हवेत बॅरोलँड बॉलरूमच्या झगझगीत निऑन बोर्डाखाली पोरापोरींची कोपऱ्यापर्यंत गेलेली रांग. आत स्टेजवर ड्रम किट आहे, सिंथ आहे, बास असा की बरगड्या थरथराव्यात, आणि या सगळ्याच्या डोक्यावर बसलेला तोच तो बॅगपाइप. फ्लोअरवर एकही जण स्थिर उभा नाही. वय? सरासरी पंचवीस. किल्ट घातलेले होते म्हणा, पण खाली स्नीकर्स!

हे सगळं चाललेलं असतं ‘सेल्टिक कनेक्शन्स’ नावाच्या फेस्टिव्हलमध्ये. १९९४ साली तो सुरू झाला त्याचं कारण अगदी व्यवहारी. ख्रिसमसनंतर ग्लासगोचा रॉयल कॉन्सर्ट हॉल रिकामा पडायचा. खिसे रिकामे, हवा भिकार, कोण येणार गाणं ऐकायला? तेव्हा आपलंच पारंपरिक संगीत लावून बघू, असा तो प्रयोग. आज जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत अडीच-तीन आठवडे शहरभरच्या थिएटर्सपासून बारपर्यंत हा मेळा भरतो. माझं फेव्हरिट ठिकाण म्हणजे ओल्ड फ्रूटमार्केट. नावाप्रमाणे जुनी फळबाजाराची इमारत. गॅलरीच्या कठड्यावर व्यापाऱ्यांच्या नावाच्या पाट्या अजून तशाच आहेत. केळी-संत्र्यांच्या दलालांच्या पाट्यांखाली उभं राहून रील ऐकायला मिळणं... वाशीच्या मार्केटमध्ये कोणी असं काही करेल तर मी पहिलं तिकीट काढीन.

कोपऱ्यातलं टेबल

पण खरी गंमत तिकिटाच्या कार्यक्रमात नाही. ती आहे पबमधल्या सेशनमध्ये. एडिनबराचा सँडी बेल्स त्यासाठी मशहूर, ग्लासगोत फिनिस्टनचा बेन नेव्हिस. सेशन म्हणजे पबच्या कोपऱ्यातलं एक टेबल, त्याभोवती पाचसहा जण, बऱ्याच जणांची पाठ तुमच्याकडे. माइक नाही, स्टेज नाही, ‘थँक यू, यू आर अ लव्हली ऑडियन्स’ नाही. कोणीतरी फिडलवर एक ट्यून काढतं, बाकीचे हळूहळू तीत शिरतात. दोनतीन वेळा घोळवली की भुवई उडते आणि अख्खं टेबल एकदम दुसऱ्या ट्यूनवर उडी मारतं. मग तिसरी. असा तीन ट्यूनचा सेट झाला की सगळे ग्लासकडे वळतात, जणू काही झालंच नाही.

नोटेशन नसतं. ट्यूनचं नाव विचारलंत तर निम्मे खांदे उडवतात आणि उरलेले त्यावर वाद घालतात. पण शेकडो ट्यून बोटांत बसलेल्या. जिग म्हणजे सहा-आठचा ठेका, आपल्या दादऱ्याच्या नात्यातला. रील सरळ चारचा, धावता. आणि स्ट्रॅथस्पे हा खास स्कॉटिश माल. तोही चारचाच, पण अडखळत, ठसक्यात चालणारा. आधी छोटा सूर मग लांब, असा एक झटका त्यात असतो. एकदा तो कानाला कळला की मग विसरत नाही.

आमच्या ऑफिसातली एक मुलगी या टेबलावर बसायची. स्काय बेटावरची, फिडल वाजवणारी. सोमवार ते बुधवार आमच्याबरोबर विम्याच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग, गुरुवारपासून संगीत. हॉबी म्हणून नव्हे, डिग्री आहे तिच्याकडे. तिच्यामुळे मला टेबलाजवळ जागा मिळायला लागली आणि फुकटचं शिक्षणही. बॉरन, म्हणजे ते डफासारखं चामड्याचं वाद्य, एका सेशनला एकच पुरे, हा तिचा पहिला धडा. दोन आले की ती चक्क घरी जायची.

बेटावरून डिग्रीपर्यंत

डिग्री? पबमध्ये वाजवायची डिग्री? अगदी हाच प्रश्न मी तिला विचारला होता. तर त्याची स्टोरी अशी. १९८१ मध्ये बारा नावाच्या बेटावर काही पालक आणि तिथले पाद्री यांच्या लक्षात आलं की आपली पोरं शाळेत बाकी सगळं शिकताहेत, पण घरातली गाणी आणि ट्यून्स त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यांनी सुट्टीत एक शिबिर भरवलं. गावातल्याच जाणत्यांनी शिकवायचं, वाद्यं उसनी द्यायची, बोलायचं शक्यतो गॅलिकमध्ये. त्याला ‘फेश’ म्हणतात, म्हणजे उत्सव. ही कल्पना अशी पसरली की १९८८ मध्ये त्यांची मध्यवर्ती संस्था निघाली आणि आज चाळीसहून अधिक फेश भरतात. पुढे १९९६ मध्ये ग्लासगोच्या संगीत अकादमीने (आताचं रॉयल कॉन्झर्व्हेटॉयर) स्कॉटिश संगीताची डिग्री सुरू केली. २००० मध्ये हायलँड्समधल्या प्लॉक्टन गावच्या सरकारी शाळेत पारंपरिक संगीताचं खास केंद्र उघडलं. २००१ पासून बीबीसी रेडिओ स्कॉटलंड तरुण पारंपरिक कलाकाराची स्पर्धा घेतं, २००३ पासून या संगीताचे स्वतःचे अ‍ॅवॉर्ड्स आहेत.

म्हणजे आज बॅरोलँडमध्ये पब्लिकला नाचवणारी पिढी आकाशातून पडलेली नाही. हट्टाने घडवलेली आहे. त्यांचं टेक्निक भयंकर पक्कं आहे. जुने लोक कुरकुरतात की सगळे एकसारखे वाजवायला लागलेत, आजोबा ज्या खोऱ्यातले त्या खोऱ्याची ढब हरवली. आपल्याकडे घराण्यांबद्दल जे ऐकतो तेच. मला विचाराल तर तक्रारीत दम आहे, पण सगळाच नाही. शेटलंडचा फिडलर आजही दोन मिनिटांत ओळखू येतो. त्याच्या बो मध्ये समुद्रापलीकडचं नॉर्वे डोकावतं.

पाइपरचे बोल

आता पुन्हा पाइपकडे. ज्यांना गाण्याचा कान आहे त्यांच्यासाठी एक सॉलिड सरप्राइझ. पाइपर मंडळी आपल्या संगीताचे दोन भाग करतात. मार्च, जिग, रील हे ‘छोटं संगीत’. आणि ‘मोठं संगीत’ म्हणजे पीबरोख. आधी संथ मूळ धून, तिला गॅलिकमध्ये म्हणतात उरलर, म्हणजे जमीन. मग तिच्यावर एकावर एक चढत जाणारी, बोटांची कसरत वाढवणारी आवर्तनं, आणि शेवटी पुन्हा जमिनीवर. एक रचना आरामात दहा-पंधरा मिनिटं. खाली तीन ड्रोन पाइप अखंड घुमताहेत, वर फक्त नऊ सूर. डोळे मिटले की तानपुऱ्याची आठवण येणारच.

आणि शिकवायची पद्धत? नोटेशन येण्याआधी गुरू शिष्याला हे सगळं तोंडाने म्हणून दाखवायचा. प्रत्येक सुराला, प्रत्येक बोटाच्या झटक्याला ठरलेला उच्चार. त्याला त्यांच्यात कान्तरख म्हणतात. ग्लासगोतच, नॅशनल पायपिंग सेंटरमध्ये, एक म्हातारे गृहस्थ ओठातल्या ओठात हे बोल म्हणत बसलेले मी पाहिले. तबलजी लोकलमध्ये बॅगेवर बोटं आपटत पुटपुटतो ना, सेम तसे.

या वाद्याचं सध्याचं सगळ्यात भन्नाट नाव म्हणजे ब्रीचा खाइंबल. हीसुद्धा स्कायचीच. ती स्मॉलपाइप वाजवते. हा भाता कोपराखाली दाबून वाजवायचा मवाळ भाऊबंद. २०१९ चा ‘द रीलिंग’ ऐका, मग २०२३ चा ‘कॅरी देम विथ अस’. नाच बाजूला राहतो आणि त्या ड्रोनमध्ये आपण बुडतो. पॉपस्टार कॅरोलाइन पोलाचेकच्या एका गाण्यातही ती वाजलीये. लाउंज म्युझिक समजून लावू नका, पाहुणे घाबरतील.

मार्टिन नावाचं वादळ

पण या साऱ्या सीनला आजचा चेहरा कोणी दिला, असं विचारलं तर ग्लासगोत दहापैकी आठ जण एकच नाव घेतात. मार्टिन बेनेट. जन्म १९७१, आई लोकगीतांची अभ्यासक आणि गायिका. हा पाइपर, व्हायोलिनचं क्लासिकल शिक्षण घेतलेला, केसांच्या जटा आणि नव्वदच्या दशकातल्या क्लब कल्चरमध्ये आकंठ बुडालेला. ‘बॉथी कल्चर’ या अल्बममध्ये त्याने पाइप आणि डान्स बीट्स असे मिसळले की शुद्धतावाद्यांना घाम फुटला.

मग कॅन्सर. उपचारांनी इतका खचला की वाद्य हातात धरवेना. रागाच्या भरात एक दिवस त्याने आपली वाद्यंच फोडून टाकली. आणि त्यानंतर, वाजवता येत नाही म्हणून, त्याने जुनी रेकॉर्डिंग्ज घेतली. खेड्यापाड्यांतल्या, बेटांवरच्या आणि रस्त्यावर आयुष्य काढलेल्या गायकांचे आवाज. कॉम्प्युटरवर बसून त्या आवाजांखाली त्याने ठोके, गिटार, तारांचे कल्लोळ रचले. तो अल्बम ‘ग्रिट’, २००३. जानेवारी २००५ मध्ये तो गेला. वय ३३.

ही गोष्ट इथे संपत नाही. दहा वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, ग्रेग लॉसन नावाच्या व्हायोलिनवादकाने ‘ग्रिट’ अख्खाच्या अख्खा कानाने उतरवून काढला आणि क्लासिकल, जॅझ, लोकसंगीतवाले अशा भल्यामोठ्या ऑर्केस्ट्राकडून सेल्टिक कनेक्शन्सच्या उद्घाटनाला वाजवून घेतला. कॉम्प्युटरमधलं संगीत माणसांच्या हातात परत आलं. त्या रात्रीबद्दल ग्लासगोचे लोक अजून दबक्या आवाजात बोलतात. मी तिथे नव्हतो, पण ज्याने ज्याने सांगितलं तो मध्येच गप्प झाला.

ज्यांचे आवाज, ती माणसं

‘ग्रिट’ ऐकताना एक प्रश्न मात्र पाठ सोडत नाही. हे आवाज कोणाचे?

लिझी हिगिन्स, ॲबर्डीनमध्ये मासे कापायचं काम करणारी. तिची आई जीनी रॉबर्टसन, जिला १९५३ मध्ये हेमिश हेंडरसन नावाच्या कवी-संग्राहकाने शोधून काढलं. एडिनबरा विद्यापीठात १९५१ मध्ये निघालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजचा हा मुख्य शिलेदार. ब्लेअरगाउरीच्या स्टुअर्ट घराण्यातली शीला स्टुअर्ट. या सगळ्या ट्रॅव्हलर समाजातल्या. पालं टाकून हिंडणारे, बेरी तोडणारे, पत्र्याची भांडी घडवणारे लोक. लिहिता-वाचता येणाऱ्या जगाने विसरलेली शेकडो वर्षांची कथागीतं यांच्या तोंडी शाबूत होती. हेंडरसन आणि मंडळी बेरीच्या मळ्यांत टेपरेकॉर्डर घेऊन जायची आणि शेकोटीभोवती पहाटेपर्यंत रेकॉर्ड करायची.

आता दुसरी बाजू. याच समाजाला त्याच काळात सरकारी यंत्रणा आणि चर्च मिळून जबरदस्तीने ‘स्थिरस्थावर’ करत होत्या. कसल्याशा पडीक झोपड्यांत कोंबायचं, नाही ऐकलंत तर मुलं काढून घेऊ म्हणायचं. त्या प्रकाराला ‘टिंकर एक्स्पेरिमेंट’ हेच नाव होतं. टिंकर हा शब्द तिथे शिवीसारखा. स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांनी पार्लमेंटमध्ये त्याबद्दल माफी मागितली ती जून २०२५ मध्ये! जीनी रॉबर्टसनला १९६८ मध्ये राणीचा एमबीई मिळाला. शीला स्टुअर्ट १९८२ मध्ये पोपसमोर गायली. गाणं दिवाणखान्यात, गाणाऱ्याची जमात वेशीबाहेर. फडावर शिट्ट्या आणि गावात पाणी वेगळ्या भांड्यातून, हे ज्या महाराष्ट्राने पाहिलंय त्याला यातलं काही समजावून सांगायची गरज नाही.

माझ्या फिडलवाल्या मैत्रिणीला याबद्दल विचारलं, तर ती म्हणाली की कॉलेजात तिला ही गाणी शिकवली, गाणाऱ्यांची चरित्रं शिकवली, पण तिच्या वर्गात ट्रॅव्हलर घरातलं कोणी नव्हतं. एवढं बोलून ती धनुकलीला रोझिन लावत बसली.

पैशाचं काय?

चला, आपण प्रोफेशनल लोक, हिशेब बघूया. पब सेशनमध्ये साधारणपणे एक-दोघांना पैसे मिळतात, बाकीचे प्रेमापोटी आणि एखाद्या पाइंटपोटी. स्ट्रीमिंगमधून चहापाणी. युरोपचा दौरा ब्रेक्झिटनंतर कागदपत्रांचा खेळ झालाय. मग पोट कशावर? शिकवण्या आणि लग्नं! स्कॉटलंडमध्ये लग्न म्हणजे केली डान्स. ऑफिस पार्टीलाही केली. बँडमधला एक जण स्टेप्स ओरडून सांगतो आणि तुम्ही अनोळखी माणसाचा हात धरून गरागरा फिरता. ‘स्ट्रिप द विलो’ हा प्रकार म्हणजे दांडिया आणि कबड्डी यांचं लग्न लावल्यासारखा आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या डिलिव्हरी हेडचा हात गळ्यात बांधलेला होता, इतकंच सांगतो.

बाकी भिस्त सरकारी मदतीवर. आणि ती किती डळमळीत असते ते मी तिथे असताना दिसलं. ऑगस्ट २०२४ मध्ये क्रिएटिव्ह स्कॉटलंडने एकेकट्या कलाकारांसाठीचा फंड बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण सरकारकडून ६६ लाख पाउंडांची खात्री मिळत नव्हती. बोंब झाली, खुली पत्रं निघाली, काही आठवड्यांनी पैसे सुटले, फंड पुन्हा उघडला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये २५१ कला-संस्थांना तीन वर्षांसाठी मिळून २० कोटींहून अधिक पाउंड मंजूर झाले आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पण संस्थेचं बजेट वेगळं आणि कोपऱ्यातल्या टेबलावरच्या माणसाचं भाडं वेगळं. माझ्या मैत्रिणीने गेल्या वर्षी ऑफिसचे तीन दिवस चार करून घेतले. गुरुवार गेला.

भाषेचंही असंच दुहेरी गणित. (स्कॉटलंडवाले गॅलिक म्हणतात, गेलिक म्हणालात तर ते तुम्हाला आयरिश समजतील.) १९९२ मध्ये कॅपरकेली या बँडने ‘कोशिख अ रून’ हे बायकांचं लोकर-कापड बडवतानाचं गाणं ब्रिटनच्या टॉप फॉर्टीत नेलं, गॅलिकमधलं ते पहिलंच. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचीच ही बहीण. एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी पालुपद उचलायचं, हात चालू. आज ज्युली फाउलिस गॅलिक गाऊन जगभर हॉल भरते. पिक्सारच्या ‘ब्रेव्ह’मधला इंग्रजी गाण्याचा आवाज तिचाच. ड्युओलिंगोवर दहा लाखांहून जास्त लोकांनी गॅलिक सुरू केलं. २०२२ च्या जनगणनेत थोडंफार गॅलिक येणारे १ लाख ३० हजार भरले, २०११ मध्ये ते ८७ हजार होते. वाढ की नाही? पण ज्या बेटांवर ही भाषा घराघरांत बोलली जायची, त्या आउटर हेब्रिडीजमध्ये टक्का घसरला. शहरात गाणं वाढतंय आणि गावात ज्या अंगणातून ते आलं तिथे पोरं इंग्रजीत भांडताहेत. २०२५ मध्ये गॅलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा झाला. त्याने अंगणातलं भांडण बदलेल का, यावर पबमध्ये दोन तट आहेत.

कुठून सुरुवात कराल?

इथेच, घरी बसून. आधी ‘ग्रिट’, हेडफोन लावून, एका बैठकीत. मग लाउ हे त्रिकूट: गिटार, फिडल, अ‍ॅकॉर्डियन, आणि डोक्याला खाद्य. शब्दांचं वेड असेल तर कॅरीन पोलवर्ट. नाचायचं असेल तर पीटबॉग फेअरीज किंवा टालिस्क. स्कायचा नाइटवर्क्स हा इलेक्ट्रॉनिक बँड २०२४ मध्ये थांबला, पण रेकॉर्डिंग्ज आहेतच. आणि भारतीय कनेक्शन हवंच असेल, तर शूगलनिफ्टीचा २०१८ चा ‘रिटन इन वॉटर’. एडिनबराची ही टोळी आणि राजस्थानातले धुन धोरा यांनी मिळून केलेला. त्यांचा फिडलर अँगस ग्रँट २०१६ मध्ये गेल्यानंतरचा. किंवा यॉर्कस्टन, थॉर्न आणि दिल्लीचे सारंगीवादक सुहेल युसुफ खान यांचा २०१६ चा ‘एव्हरीथिंग सेक्रेड’. फ्यूजनच्या नावाखाली आपल्या माथी जो शिरा मारला जातो, त्यातला हा नव्हे.

मूळ आवाज ऐकायचे तर ‘टोबर अन दूअलखस’ या ऑनलाइन संग्रहात जा. स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजची हजारो रेकॉर्डिंग्ज फुकट. मागे कोंबडं ओरडतं, दार वाजतं, कोणीतरी चहा विचारतं, आणि मग एक म्हातारी गायला लागते.

आणि प्रत्यक्ष जाणार असाल तर जानेवारी. दोन जोड थर्मल्स, वॉटरप्रूफ बूट, कानटोपी. सेशनला लवकर पोचा, ड्रिंक घ्या आणि कलाकारांच्या मागे बसा. फर्माईश करू नका, टाळ्यांचा ठेका तर मुळीच धरू नका. टेबलाला लागून एखादी खुर्ची रिकामी दिसली तरी बसायचं नाही. ती कोणाची तरी असते. तीन दिवस ऑफिस करून, केस पाठीला लावून, पावसातून येत असतं ते माणूस.